साखळी कोणाच्या हातात? अमेरिकेच्या सरकारी मोजणीचा इतिहास

गेल्या उन्हाळ्यात गायरानाच्या प्रश्नावर आम्ही एका तालुक्याच्या गावी कार्यकर्त्यांचे एक दिवसाचे शिबिर घेतले. सातबारा कसा वाचायचा, गावनकाशावर गट नंबर कसा शोधायचा, मोजणीचा अर्ज कसा भरायचा, एवढाच विषय होता. नुकताच सिव्हिल इंजिनीअर झालेला एक तरुण उठला आणि म्हणाला, "ताई, मोजणी हे शास्त्र आहे. साखळी खोटं बोलत नाही. यात जात कुठून आली?" मागे भिंतीला टेकून बसलेले एक म्हातारे बाबा म्हणाले, "साखळी खोटं बोलत नसंल लेकरा. पण साखळी धरून उन्हातान्हात फिरलेल्या महाराचं नाव कुठल्या नकाशावर हाय का?"

त्या दिवशी आम्ही दोघांनाही पुरते उत्तर देऊ शकलो नाही. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर. त्यासाठी आम्ही मुद्दाम लांबचे उदाहरण घेत आहोत, अमेरिकेचे. तिथल्या सरकारने या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत अख्खा मुलूख मोजला, त्याच्या पोटातले खनिज शोधले आणि कागदावर उतरवले. या मोजणीने कोणाला काय मिळाले आणि कोणाचे काय गेले, याचे कागद आज सर्वांना वाचायला उघडे आहेत.

चौकोनांत कापलेला देश

अमेरिकेला स्वातंत्र्य मिळाले तेव्हा सरकारवर युद्धाचे कर्ज होते. तिजोरी रिकामी होती, पण पश्चिमेकडे जमीन होती. ती विकायची तर आधी मोजायला हवी. म्हणून १७८५ साली जमीन मोजणीचा कायदा झाला. सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद असा एक चौकोन, त्याचे ३६ भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा. सोळाव्या क्रमांकाचा भाग शाळेसाठी राखीव. मोजायला ६६ फुटांची साखळी, ८० साखळ्यांचा एक मैल. नदी कुठे वळते, डोंगर कुठे आडवा येतो, याच्याशी या चौकोनांना देणेघेणे नव्हते. आजही विमानातून अमेरिकेचा मध्य भाग पाहिला तर शेते बुद्धिबळाच्या पटासारखी दिसतात, ती या कायद्यामुळे.

मोजणी ओहायो नदीच्या काठावरून सुरू झाली. ती जमीन ओसाड नव्हती. तिथे शॉनी, मायामी, डेलावेअर ही मूळ रहिवाशांची राष्ट्रे राहत होती, शेती करत होती. पण चौकोनाला क्रमांक पडला की ती जमीन विक्रीचा माल झाली. आधी लढाई किंवा तह, मग मोजणी, मग लिलाव, असा हा क्रम पुढे शंभर वर्षे चालला. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने प्रत्येक वसाहतवाल्याला १६० एकर मिळू लागले. या कायद्याखाली सुमारे २७ कोटी एकर जमीन वाटली गेली, म्हणजे अमेरिकेच्या एकूण भूमीच्या दहाव्या हिश्शाइतकी. ज्या देशाला आपण 'संधींचा देश' म्हणतो, त्याची पहिली मोठी संधी दुसऱ्याच्या घरावर आखलेल्या चौकोनातून आली.

पहिला संचालक आणि त्याचे लपवलेले नाव

यादवी युद्ध संपल्यावर पश्चिमेच्या डोंगराळ आणि कोरड्या भागात चार मोठ्या सरकारी मोहिमा निघाल्या. त्यांचे प्रमुख होते क्लॅरेन्स किंग, फर्डिनंड हेडन, जॉन वेस्ली पॉवेल आणि लष्कराचे जॉर्ज व्हीलर. खडक कोणते, कोळसा कुठे, सोने-चांदी कुठे, रेल्वे कुठून जाईल, पाणी किती, हे त्यांना शोधायचे होते. काम एकमेकांवर चढू लागले, भांडणे झाली. शेवटी ३ मार्च १८७९ रोजी संसदेने या मोहिमा बंद करून एकच खाते स्थापन केले, युनायटेड स्टेट्स जिऑलॉजिकल सर्व्हे. सरकारी जमिनींचे वर्गीकरण करणे आणि देशाची भूगर्भरचना व खनिजसंपत्ती तपासणे, हे त्याचे काम.

खात्याचा पहिला संचालक क्लॅरेन्स किंग. १८७२ साली काही भामट्यांनी एका पठारावर हिरे पेरून ठेवले आणि धनिकांना गंडवू पाहिले. ती लबाडी किंगने जागेवर जाऊन उघडी पाडली आणि तो देशभर गाजला. पण किंगची दुसरी एक गोष्ट आपल्या लोकांनी वाचायलाच हवी. १८८८ साली या गोऱ्या, प्रतिष्ठित शास्त्रज्ञाने एडा कोपलंड या कृष्णवर्णीय स्त्रीशी लग्न केले. तिचा जन्म जॉर्जियात गुलामगिरीत झाला होता. लग्न करताना त्याने आपले खरे नाव सांगितले नाही. आपण जेम्स टॉड नावाचे कृष्णवर्णीय रेल्वे कर्मचारी आहोत, असे तो सांगत राहिला. तेरा वर्षे दोन नावांनी जगला. १९०१ मध्ये मरणाच्या दारात असताना त्याने पत्रातून खरे नाव कळवले. पुढे एडाने आपल्या हक्कासाठी कोर्टात दावा लढवला, पण १९३० च्या दशकात ती हरली.

देशातल्या डोंगराडोंगराची नोंद करणारा माणूस बायकोचे नाव समाजासमोर नोंदवू शकला नाही. एवढी जबरदस्त ती वर्णव्यवस्था होती. आंतरजातीय लग्न करून दोन-दोन वर्षे घरी न सांगणारी पोरे-पोरी आम्ही कामाच्या निमित्ताने पाहतो, तेव्हा आम्हाला किंग आठवतो.

डोंगर मोजला आणि डोंगर गेला

आता मोजणीचे सर्वांत उघडे उदाहरण पाहू. डकोटामध्ये ब्लॅक हिल्स नावाचे डोंगर आहेत. लकोटा लोक त्यांना पाहा सापा म्हणतात, त्यांची ती पवित्र भूमी. १८६८ च्या फोर्ट लारामी तहाने अमेरिकी सरकारने हे डोंगर लकोटांचे म्हणून मान्य केले. त्यातली जमीन पुढे कधी घ्यायची असेल तर त्यांच्या तीन-चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्या लागतील, असे तहातच लिहिले होते.

सहा वर्षांनी, १८७४ साली, जनरल कस्टर हजारावर माणसे घेऊन त्या डोंगरांत शिरला. सोबत भूगर्भशास्त्रज्ञ, नकाशा काढणारा लष्करी इंजिनीअर आणि खाणकाम जाणणारी माणसे होती. सोने सापडल्याची बातमी वर्तमानपत्रांत झळकली आणि गोऱ्यांचे लोंढे आत घुसले. १८७५ मध्ये सरकारने जेनी आणि न्यूटन या दोघांच्या नेतृत्वाखाली रीतसर भूगर्भ पाहणी पाठवली. कशासाठी? डोंगराची किंमत काय करायची ते ठरवण्यासाठी. ज्यांचा डोंगर, त्यांनी तो विकायला काढलाच नव्हता. लकोटांनी विकायला साफ नकार दिला. मग युद्ध झाले. १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नला कस्टर मारला गेला, पण पुढच्याच वर्षी कायदा करून डोंगर घेतले गेले. तीन-चतुर्थांश सह्या लागत होत्या, मिळाल्या होत्या जेमतेम दहा टक्के. न्यूटन आणि जेनी यांचा सुंदर नकाशांसह छापलेला अहवाल १८८० मध्ये बाहेर आला. तोवर तिथे खाणी सुरू झाल्या होत्या. त्यातली होमस्टेक ही सोन्याची खाण थेट २००२ पर्यंत चालली.

१९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की ही जमीन योग्य मोबदल्याशिवाय घेतली गेली. व्याजासह दहा कोटी डॉलरहून अधिक भरपाई ठरली. लकोटांनी ती आजपर्यंत घेतलेली नाही. आम्हाला पैसे नकोत, डोंगर हवेत, असे ते म्हणतात. ते लोक गरीब आहेत, बेरोजगार आहेत, आणि तरीही पैसे घेत नाहीत. स्वाभिमान कशाला म्हणतात ते आपल्या चळवळीला वेगळे शिकवायला नको, पण हे उदाहरण आपल्या व्याख्यानांतून सांगायला हवे.

खरे शास्त्र सत्तेला आवडले नाही तेव्हा

इथे कोणी म्हणेल, म्हणजे शास्त्रच वाईट? नाही. दुसरा संचालक जॉन वेस्ली पॉवेल याची गोष्ट पाहा. यादवी युद्धात त्याचा उजवा हात गेला होता. १८६९ साली त्याने चार होड्या आणि नऊ साथीदार घेऊन कोलोरॅडो नदी आणि ग्रँड कॅन्यनमधून प्रवास केला. पुढच्या पाहण्यांत त्याला वाट आणि पाणवठे दाखवले ते पायूट लोकांनी. त्यांचा एक नेता चुआर स्वतः वाटाड्या म्हणून सोबत होता. काइबाब, शिवविट्स, युइंकारेट ही पायूट नावे पॉवेलने पठारांना ठेवली आणि ती आजही नकाशावर आहेत. लोकांच्या हातून मात्र जमीन गेली.

१८७८ मध्ये पॉवेलने कोरड्या प्रदेशाचा अहवाल दिला. त्याचे म्हणणे होते की शंभराव्या रेखांशाच्या पश्चिमेला पाऊस साधारण वीस इंचांपेक्षा कमी पडतो. तिथे १६० एकरांचे चौकोन वाटणे म्हणजे गरीब शेतकऱ्याला फसवणे. ओलिताखाली ८० एकर पुरेत, पण चराईला २,५६० एकर लागतील. पाणी जमिनीशी बांधलेले असावे आणि लोकांनी सहकाराने ते वाटून घ्यावे. पुढे तर तो म्हणाला की या भागाची विभागणी सरळ रेषांनी न करता नदीच्या खोऱ्यांनुसार करा. त्यासाठी आधी उंच-सखलपणा दाखवणारे नकाशे हवेत. समान उंचीचे बिंदू जोडणाऱ्या रेषा काढल्या की पाणी कुठे साठेल, किती साठेल, कुठे वाहील, हे कागदावरच कळते. सारा देश चोवीस वर्षांत असा मोजून देतो, असे त्याने १८८४ मध्ये सांगितले. प्रत्यक्षात १:२४,००० प्रमाणावरचे सुमारे ५५ हजार नकाशे पूर्ण व्हायला १९९२ साल उजाडले.

पॉवेलचे काय झाले? १८८८ मध्ये त्याला सिंचनाची पाहणी सोपवली आणि ती होईपर्यंत जमिनीचे वाटप थांबले. जमिनीचे सट्टेबाज आणि त्यांचे सिनेटर खवळले. १८९० मध्ये पैसा तोडला. १८९३ मध्ये लॉस एंजेलिसच्या सिंचन परिषदेत त्याने सांगितले की एवढ्या साऱ्या जमिनीला पुरेल इतके पाणीच नाही, तेव्हा सभेने त्याची हुर्यो उडवली. पुढच्या वर्षी त्याने राजीनामा दिला. शास्त्र जोवर सोने शोधत होते तोवर लाडके होते. मर्यादा दाखवू लागले तेव्हा नकोसे झाले.

पण पॉवेललाही आम्ही देव्हाऱ्यात बसवणार नाही. तो मूळ रहिवाशांच्या भाषांचा अभ्यासक होता, त्यासाठीच्या सरकारी विभागाचा प्रमुखही होता. आणि याच माणसाने १८८० मध्ये सिनेटर हेन्री टेलर यांना लिहिले की या लोकांना 'सुधारायचे' तर आधी त्यांना त्यांच्या भूमीवरून हलवा, कारण त्यांचे देव आणि पूर्वज त्या मातीत आहेत. भूमीशी असलेले नाते त्याला पुरते समजले होते, आणि त्या समजुतीचा उपयोग ते तोडण्याचा सल्ला देण्यासाठी झाला. आपल्यावर पीएचडी करणारे खूप आहेत. अभ्यास करणारा आपल्या बाजूचाच असेल, हे गृहीत धरू नये.

१८८७ च्या डॉज कायद्याने उरलेल्या राखीव जमिनींचेही तुकडे पाडले. कुटुंबप्रमुखाला १६० एकर, बाकी 'शिल्लक' म्हणून गोऱ्यांना खुली. मूळ रहिवाशांकडे १८८७ मध्ये १३ कोटी ८० लाख एकर होते. १९३४ मध्ये उरले ४ कोटी ८० लाख. विसाव्या शतकात सोन्याची जागा युरेनियमने घेतली. अणुऊर्जा आयोगासाठी सरकारी भूगर्भशास्त्रज्ञ कोलोरॅडो पठारावर युरेनियम शोधत होते. नवाहो भूमीतून १९४४ ते १९८६ या काळात जवळपास तीन कोटी टन खनिज काढले गेले. खाणीत उतरणाऱ्या नवाहो मजुरांना धोका सांगितला गेला नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाने माणसे गेली. पाचशेहून अधिक पडीक खाणी तिथे आहेत. भरपाईचा कायदा आला तो १९९० मध्ये.

नावेही मोजणीतच पडतात

मोजणीदार नुसत्या रेषा काढत नाही, नावेही ठेवतो. ब्लॅक हिल्समधल्या सर्वांत उंच शिखराला नाव दिले गेले जनरल हार्नीचे. १८५५ मध्ये ब्लू वॉटर ओढ्याकाठी लकोटांच्या वस्तीवर हल्ला करून बायका-मुलांसह माणसे मारणारा तो हाच. दीडशेहून अधिक वर्षे लकोटांना आपल्या पवित्र शिखराला आपल्या मारेकऱ्याचे नाव ऐकावे लागले. २०१६ मध्ये ते बदलून लकोटा संत ब्लॅक एल्क यांचे नाव आले. २०२२ मध्ये मूळ रहिवासी स्त्रियांना शिवीसारखा वापरला जाणारा एक शब्द जवळपास साडेसहाशे ठिकाणांच्या नावांतून काढला गेला. तेव्हा त्या खात्याच्या मंत्री होत्या डेब हालंड, मूळ रहिवाशांमधून केंद्रीय मंत्री झालेल्या पहिल्या.

महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तोवर सरकारी कागदांवर महारवाडा, मांगवाडा खुशाल छापले जात होते. हे दोन निर्णय दोन वर्षांच्या अंतराने, दोन खंडांवर झाले. दोन्हीकडे मागणी जुनी होती, कागद मात्र सावकाश हलला.

त्याच नकाशावर आपली रेघ

मग उत्तर काय? नकाशे जाळायचे? कॅनडातल्या इन्युइट लोकांनी वेगळे उत्तर दिले. तिथेही १८४२ पासून सरकारी भूगर्भ सर्वेक्षण आहे. १९७० च्या दशकात इन्युइट संघटनेने जमीनहक्कासाठी पाहणी उभी केली. सरकारी नकाशेच गावोगाव नेले. म्हाताऱ्या शिकाऱ्यांना विचारले, तुम्ही आयुष्यात कुठे शिकार केली, कुठे मासे धरले, कुठे तळ ठोकला? त्यांनी त्या नकाशांवर आपापल्या वाटा आखल्या. सरकारच्या कागदावर जो भाग कोरा होता, तो माणसांच्या पावलांनी भरून गेला. १९७६ मध्ये ही पाहणी तीन खंडांत प्रसिद्ध झाली आणि पुढच्या वाटाघाटींचा पाया ठरली. १९९३ मध्ये करार झाला. १९९९ मध्ये नुनावुत हा स्वतंत्र प्रदेश अस्तित्वात आला. करारात इन्युइटांना सुमारे साडेतीन लाख चौरस किलोमीटर जमिनीची मालकी मिळाली. त्यातल्या सुमारे ३५ हजार चौरस किलोमीटरमध्ये जमिनीखालच्या खनिजावरही त्यांचा हक्क आहे. जेवढे गेले त्या मानाने हे थोडेच. पण हे दयेने मिळाले नाही, पुराव्याने मिळाले.

बाबासाहेबांची वाटही याच जातीची होती. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. पाणी, वीज, खाणी हे विषय त्यांच्याकडे होते. १९४३ मध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला. तेव्हा बाबासाहेबांनी नुसते बंधारे दुरुस्त करण्यापेक्षा सगळ्या खोऱ्याचा एकत्र विचार मांडला. त्यांच्यासमोर नमुना होता अमेरिकेतल्या टेनेसी खोरे प्राधिकरणाचा, १९३३ सालचा. पॉवेलची खोऱ्याची कल्पना अमेरिकेने त्याच्या हयातीत झिडकारली होती. तो गेल्यावर तीस वर्षांनी टेनेसीत तिच्यासारखेच काही उभे राहिले. तिथले इंजिनीअर वूरदुइन भारतात आले. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली दामोदर खोऱ्याची परिषद झाली. १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले. ज्याला गावच्या पाणवठ्यावर हक्क नव्हता, त्या माणसाने अख्ख्या नदीचा विचार केला.

हेही लपवू नये की टेनेसी प्राधिकरणाने वसवलेल्या नॉरिस गावात कृष्णवर्णीयांना घरे दिली गेली नाहीत, आणि दामोदरच्या धरणांत पुढे संथाळांची गावे बुडाली. योजना चांगली असणे पुरत नाही. ती राबवणाऱ्या टेबलाभोवती कोण बसले आहे, हे दरवेळी पाहावे लागते.

आता आपल्या शिबिराकडे. त्या इंजिनीअर तरुणाला आमचे सांगणे आहे की तुझे म्हणणे खरे आहे. साखळी खोटे बोलत नाही. म्हणून तर ती आपल्या हातात हवी. आणि बाबांचेही खरे आहे. गावाची शीव महाराला ठाऊक असायची. शिवेच्या तंट्यात त्याचा शब्द मानला जायचा. मोजणीदार आला की हद्दीचे दगड दाखवायला तोच पुढे. पण गावाच्या चारी शिवा ज्याला पाठ, त्याच्या नावावर उरली वतनाची तुटपुंजी जमीन आणि तिच्या बदल्यात राबणूक. त्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये विधिमंडळात विधेयक आणले, आणि दादासाहेब गायकवाडांनी १९६४ मध्ये भूमिहीनांसाठी देशभर सत्याग्रह केला. ते काम पुरे झालेले नाही.

पुढचे शिबिर आम्ही सभागृहात घेणार नाही, गायरानावर घेणार आहोत. येताना गावनकाशाची नक्कल आणा, ज्यांच्याकडे मोजणीची उपकरणे आहेत त्यांनी ती आणा, आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला सोबत आणा. कोणत्या बांधाजवळ कोणाचे खोपट होते, कोणी किती वर्षे जमीन कसली, विहीर कोणी खोदली, हे त्यांच्या तोंडून ऐकून नकाशावर आखू, तारीख टाकू आणि त्यांच्या सह्या-अंगठे घेऊ. शिबिरातले ते बाबा येतो म्हणाले आहेत. या वेळी पहिले नाव त्यांचे लिहायचे आहे.

जय भीम.